‘इरॅटिक’ : बेभरवशाच्या गोष्टींचे विशेषण

माळव्यातील धार व देवास ही गावे मराठी माणसास परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्यांनी तेथे राज्ये स्थापिली. त्यांच्याबरोबर गेलेल्या शिपाई-सरदारांच्या व कारकुनांच्या वंशजांच्या घरी आजही मराठी बोलली जाते. अशा घरातील मुलाचा दिवस तीन भाषांत जातो : घरी मराठी, बाजारात हिंदी किंवा माळवी आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. जेथे तीन भाषा एकत्र नांदतात, तेथे एखादा परका शब्द अर्थाची पुरती ओळख होण्यापूर्वीच तोंडी बसतो. ‘इरॅटिक’ हे विशेषण अशांपैकीच एक होय. पाऊस इरॅटिक, वीज इरॅटिक, बस इरॅटिक, ही वाक्ये सर्रास ऐकू येतात. त्यांपैकी काही अगदी बरोबर असतात, काही मात्र नसतात. आणि चूक पाण्याविषयीच्या वाक्यात झाली, तर तिची किंमत व्याकरणाच्या गुणांत मोजून भागत नाही.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेतील ‘एर्रारे’ म्हणजे भटकणे, वाट सोडून जाणे. चूक ह्या अर्थाचा ‘एरर’ हा इंग्रजी शब्दही त्याच घराण्यातला. प्राचीन काळी आकाशाचे निरीक्षण करणाऱ्यांना असे दिसले, की बहुतेक तारे आपापसांतील अंतर राखून एकत्र फिरतात. परंतु मंगळ, गुरू, शनी ह्यांसारखे काही मोजके तेजोगोल कधी पुढे सरकतात, कधी थबकतात, तर कधी मागे वळतात. लॅटिन लेखकांनी त्यांस ‘भटके तारे’ म्हटले, ते ह्याच शब्दाने. ग्रीक भाषेतून आलेल्या ‘प्लॅनेट’ शब्दाचा मूळ अर्थही भटक्या असाच आहे. पुढे 1609 साली केप्लरने ग्रहांच्या गतीचे नियम प्रसिद्ध केले आणि हे भटके मोठे शिस्तीचे निघाले. हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जे आज इरॅटिक वाटते, त्याचा नियम उद्या सापडू शकतो.

आता रोजची वाक्ये घेऊ. ह्या शब्दाच्या उच्चारात ‘रॅ’ ह्या अक्षरावर आघात येतो. ‘द बस सर्व्हिस इज इरॅटिक’, म्हणजे बसगाड्यांचा काही नेम नाही. एक वेळेवर येते, दुसरी तासभर उशिरा, तिसरी येतच नाही. ‘हिज अटेन्डन्स इज इरॅटिक’, म्हणजे तो शाळेत कधी येईल आणि कधी येणार नाही, हे सांगता येत नाही. वैद्य नाडी इरॅटिक आहे असे म्हणतो, तेव्हा ठोक्यांतील अंतर कमीजास्त होत आहे असे त्यास सांगावयाचे असते. नामापूर्वी हे विशेषण चालते आणि वाक्याच्या अखेरीसही चालते. क्रियाविशेषण हवे असल्यास ‘इरॅटिकली’ म्हणावे. जसे, गाडी वेडीवाकडी हाकणाऱ्याविषयी ‘ही ड्राइव्ह्ज इरॅटिकली’.

मराठीत ह्या एका शब्दासाठी प्रसंगानुसार निरनिराळे शब्द योजावे लागतात. पाऊस लहरी, मन चंचल, नाडी अनियमित, नोकर बेभरवशाचा. परंतु ‘लहरी’ शब्दात इच्छेची छटा आहे. लहरी राजा आपल्या मर्जीने निर्णय फिरवतो. त्याच्यासाठी इंग्रजीत ‘कॅप्रिशस’ हे निराळे विशेषण आहे. इरॅटिक म्हणण्यासाठी इच्छा असावी लागत नाही. भिंतीवरील घड्याळ इरॅटिक असू शकते, कॅप्रिशस मात्र नव्हे.

तीन ठिकाणी हा शब्द वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. पहिले, एकदाच घडलेल्या गोष्टीविषयी. गाडी एके दिवशी चुकली तर ते अनपेक्षित. इरॅटिक म्हणण्यास तिचे वागणे अनेक दिवस पाहिलेले असावे लागते. दुसरे, केवळ विचित्र गोष्टीविषयी. देवास संस्थानाची थोरली व धाकटी अशी दोन पाती होती. 1948 साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत त्या एकाच गावात दोन राजे आणि दोन दरबार नांदत होते. थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून 1921 साली काम केलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी 1953 साली त्या दरबारावर पुस्तकही प्रसिद्ध केले. ही व्यवस्था पाहुण्यास चमत्कारिक वाटावी अशीच होती. परंतु दोन गाद्यांचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या ठरल्याप्रमाणे चालत होता. तो विचित्र खरा, इरॅटिक नव्हे. तिसरे स्थळ सर्वांत महत्त्वाचे : जी गोष्ट नियमाने बिघडत आहे, तिच्याविषयी हे विशेषण वापरू नये.

ह्या तिसऱ्या चुकीचे उदाहरण देवासनेच पुरवले आहे. पावलोपावली पाणी व भाकरी मिळणारा प्रदेश असा माळव्याचा पूर्वापार लौकिक. तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. एखाद्या वर्षी तो धो धो कोसळतो, एखाद्या वर्षी ऐन पेरणीनंतर तोंड लपवतो. ह्या पावसास इरॅटिक म्हणणे योग्यच आहे. परंतु त्याच काळात भूमीच्या पोटात दुसरी एक गोष्ट घडत होती. जुने तलाव बुजत गेले, नलिकाकूप वाढत गेले, आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसले जाणारे पाणी अधिक झाले. एका वर्षी पाणी जेथे लागे, त्याच्याहून खोल पुढे खणावे लागे. अखेर 1990 च्या एप्रिलमध्ये देवास शहराची तहान भागविण्यासाठी इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

आता दोन वाक्ये शेजारी मांडावीत. ‘पाऊस इरॅटिक आहे’ हे खरे. ‘देवासचे पाणी इरॅटिक आहे’ हे खोटे. कारण भूजलाची पातळी चढ-उतार करीत भटकत नव्हती, ती एकाच दिशेने खाली चालली होती आणि तिचे कारण उघड होते. पहिल्या वाक्यातील विशेषण दुसऱ्या वाक्यात नेले, की माणसाच्या हातून झालेल्या गोष्टीचा दोष आभाळाच्या माथी जातो. आभाळाचा दोष ठरला, म्हणजे करण्यासारखे काही उरत नाही.

वस्तुतः पाऊस भरवशाचा नाही, हे जाणूनच जुन्या लोकांनी तलाव खणले होते. परमारांची राजधानी असलेल्या धार नगरीत राजा मुंजाच्या नावाचा तलाव आजही त्याची साक्ष देतो. देवास जिल्ह्यानेही पुढे तोच धडा गिरवला. 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव ह्यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपल्याच शेताचा काही भाग सोडून तळी खणण्यास आरंभ केला. त्या तळ्यांस ‘रेवासागर’ आणि ती खणणाऱ्यास ‘भागीरथ कृषक’ असे नाव मिळाले. काही वर्षांतच अशी हजारो तळी झाली आणि पावसाचे पाणी वापरून रब्बीची पिके उभी राहू लागली. पावसाचा स्वभाव पालटला नव्हता. एका सरीपासून दुसऱ्या सरीपर्यंत पाणी धरून ठेवण्याची सोय मात्र झाली होती.

तात्पर्य, हे विशेषण ओठांवर येताच दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट पुरेशा वेळा पाहिली आहे काय? आणि पाहिली असल्यास, तिच्यात खरोखरच काही नियम दिसत नाही काय? विद्यार्थ्याची गैरहजेरी मांडून पाहावी. ती दर बाजाराच्या दिवशीच पडत असेल, तर मुलगा बेभरवशाचा नसून घरच्या कामास जुंपलेला आहे. बसच्या वेळा पंधरा दिवस लिहून ठेवाव्यात. विहिरीच्या पाण्याची खोली दर महिन्यास दोरीने मोजावी. एवढे केल्यावरही नियम सापडला नाही, तर ‘इरॅटिक’ हा शब्द निःशंकपणे वापरावा. नियम सापडला, तर मात्र तो शब्द खोडावा आणि त्या जागी कारण लिहावे.