प्रसंगाचे संगीत : आनंद मोडक आणि वऱ्हाडचा वारसा

मराठी चित्रपटसंगीताचा इतिहास आजवर बहुतांशी गाण्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. कोणती चाल कोणी बांधली, ती कोणी गायली आणि तिची तबकडी किती खपली, याभोवतीच तो फिरत राहतो. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधल्या भागात, म्हणजे संवादांच्या खाली, शांततेच्या कडेला आणि दृश्यांच्या सांध्यांवर जे संगीत वाजत असते, त्याची दखल अभावानेच घेतली जाते. या संगीताला पार्श्वसंगीत म्हणतात. प्रसंगाचा भाव गडद करणे, काळ आणि स्थळ सुचवणे, पात्राच्या मनातले परंतु त्याच्या तोंडी न आलेले बोलणे प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे, ही त्याची प्रमुख कामे होत. संगीतकार आनंद मोडक (१९५१–२०१४) यांच्या कारकिर्दीचा विचार याच बाजूने करायला हवा, कारण त्यांनी बांधलेली गाणी लोकप्रिय झाली असली तरी त्यांच्या कामाचे खरे मर्म गाणे आणि प्रसंग यांच्यातील भिंत पाडण्यात आहे.

मोडक यांचा जन्म १३ मे १९५१ रोजी अकोल्यात झाला. अकोला आणि बुलढाणा हे एकमेकांना लागून असलेले जिल्हे अमरावती व यवतमाळसह जुन्या वऱ्हाड प्रांताचे घटक. निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिलेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेलेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत द्विभाषिक मुंबई राज्यात आलेला हा मुलूख पुण्या-मुंबईच्या सांस्कृतिक सत्तेपासून दूर होता. तरी गाण्याच्या बाबतीत तो कधीच कोरडा नव्हता. गावोगावची भजनी मंडळे, शेगावहून पंढरीकडे निघणारी पालखी, देवळातील कीर्तने, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आणि लग्नसराईतील गोंधळ यांतून शब्द स्वरांत घालून सांगण्याची सवय इथल्या समाजाला लागली होती. या सर्व प्रकारांत गाणे हे सांगण्याचे साधन असते. स्वर कितीही चढला तरी अर्थ ऐकणाऱ्याच्या हातून सुटता कामा नये, हा त्यांचा अलिखित नियम होय.

बुलढाणा जिल्ह्याचे या संदर्भातील योगदान मराठी सुगम संगीताच्या अगदी उगमापाशी आहे. जिल्ह्यातील सेंदुरजन येथे १९०९ मध्ये जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गायली. तिच्या ध्वनिमुद्रिकेने भावगीत, म्हणजे नाटकातील पदाहून वेगळे, एका कवितेचा एकच भाव थोडक्या वेळात स्वरबद्ध करणारे गीत, मराठी घराघरांत पोहोचवले. नागपूर-मेहकरच्या टापूत रुजलेल्या या प्रकाराने चाल कवितेच्या मागून चालते हे तत्त्व प्रस्थापित केले. देशपांडे यांना ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला अर्धशतक उलटून गेले होते.

चित्रपटाच्या बाजूने पाहिल्यास मोडक यांचे पूर्वसूरी म्हणून अमरावतीत जन्मलेल्या केशवराव भोळे यांचे नाव घेणे अपरिहार्य ठरते. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात भोळे यांनी संगीत नाटकातील लांबलचक ताना-आलापांना फाटा देऊन प्रसंगाला बेतलेले, आटोपशीर गाणे आणले. पुढे प्रभात फिल्म कंपनीत ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. यांपैकी ‘कुंकू’चा प्रयोग आजही अभ्यासण्याजोगा आहे. या चित्रपटात बाहेरून आणलेले पार्श्वसंगीत जवळपास वर्ज्य करून, दृश्यात प्रत्यक्ष असलेल्या वस्तू आणि वाद्ये यांच्या आवाजांवरच भर देण्यात आला, आणि वृद्ध नवऱ्याच्या घरातील घड्याळासारखी वस्तूही अर्थवाही झाली. दृश्यातील पात्रांनाही ऐकू येणारा स्वर आणि फक्त प्रेक्षकालाच ऐकू येणारा स्वर यांतील भेद पार्श्वसंगीताच्या विचारात मूलभूत मानला जातो, आणि मराठी चित्रपटाने तो इतक्या लवकर ओळखला होता ही अभिमानाची गोष्ट आहे. नाटकातून चित्रपटाकडे येताना संगीताला प्रसंगाच्या सेवेत आणणारे भोळे आणि तोच प्रवास चार दशकांनंतर करणारे मोडक यांच्यातील नाते गुरुशिष्याचे नव्हते. दृष्टीचे मात्र निश्चित होते.

मोडक यांचा खरा पाया पुण्यातील थिएटर अकादमीत घातला गेला. ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रयोगांवरून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये उद्भवलेल्या वादानंतर, त्या नाटकातील तरुण मंडळींनी १९७३ मध्ये ही संस्था स्थापन केली. ‘घाशीराम’ला भास्कर चंदावरकर यांचे संगीत होते. सतारवादक, फिल्म इन्स्टिट्यूटमधील अध्यापक आणि ‘सामना’ (१९७५) पासून ‘श्वास’ (२००४) पर्यंतच्या चित्रपटांचे संगीतकार असलेल्या चंदावरकरांनी, प्रायोगिक रंगभूमीवरील संगीत हा नाटकाच्या रचनेचाच भाग असतो, हे मराठी प्रेक्षकाला दाखवून दिले होते. ही वाट नव्याने उघडलेली असतानाच, १९७४ मध्ये सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आले आणि त्याचे संगीत तेव्हा अवघ्या २३ वर्षांच्या मोडकांनी केले.

‘महानिर्वाण’ची रचना समजून घेतल्याशिवाय मोडकांचे पुढचे काम समजत नाही. नाटकाचा नायक भाऊराव पहिल्याच प्रवेशात मेलेला असतो आणि आपल्याच मरणाची कथा तो कीर्तनकार होऊन सांगतो. त्याची बायको, मुलगा नाना आणि चाळकरी हे त्या कीर्तनाचे विषय होतात आणि साथीदारही. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते, तर उत्तररंगात तोच विषय आख्यानाच्या, म्हणजे कथेच्या आधाराने उलगडतो. निरूपणातून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात जाण्याची जी सहजता कीर्तनकाराकडे असते, तीच या नाटकाची भाषा आहे. मोडकांनी येथे अभंग, भजन, आरती यांचे ओळखीचे वळण कायम ठेवले, परंतु त्या वळणात मृत्यू, अंत्यविधी आणि चाळीतले कोडगेपण बसवले, तेव्हा भक्तीचा स्वर आणि प्रसंगाचा आशय यांच्यातील ताणातूनच नाटकाचे विदारक हास्य निर्माण झाले. संगीताने आशयाला दुजोरा न देता त्याला छेद द्यावा, ही पार्श्वसंगीतातील अवघड मानली जाणारी युक्ती मोडकांना पहिल्याच मोठ्या कामात साधली होती. लहानपणापासून कीर्तन ऐकलेल्या कानाशिवाय हे शक्य नव्हते, असे मानण्यास जागा आहे. चंद्रकांत काळे यांनी भाऊरावाच्या भूमिकेत हे गायन-निवेदन उभे केले.

चित्रपटात मात्र कामाची पद्धतच वेगळी असते. नाटकाचे संगीत तालमींच्या सोबतीने वाढते आणि प्रयोगागणिक बदलूही शकते. चित्रपटाचे पार्श्वसंगीत संकलन, म्हणजे दृश्यांची अंतिम जुळणी, पुरी झाल्यावर रचले जाते. दिग्दर्शकासोबत रिळे पाहून संगीत कोणत्या क्षणी सुरू व्हावे आणि कोठे थांबावे याची सेकंदांच्या हिशेबाने नोंद होते, वाद्यवृंद संयोजक त्याप्रमाणे वादकांसाठी लिपी तयार करतो आणि ध्वनिमुद्रणानंतर संवाद, ध्वनिपरिणाम व संगीत हे तीन प्रवाह एकमेकांत मिसळले जातात. शेवटच्या या टप्प्यात संवाद ऐकू यावा म्हणून संगीताचा आवाज खाली आणला जातो आणि संगीतकाराची बरीच मेहनत प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. मराठी निर्मात्याजवळ स्टुडिओचे दिवस थोडे आणि वादकही मोजके असत, त्यामुळे एखादी बासरी, एखादे सारंगीचे वळण किंवा नुसता ढोलकीचा ठेका यांवरच संपूर्ण प्रसंग तोलून धरावा लागे. नाटकात थोडक्या साधनांत भागवायला शिकलेल्या मोडकांना ही अडचण जाचक वाटण्याऐवजी उपकारक ठरली असावी, कारण त्यांच्या चित्रपटांतील संयमाचे मूळ तेथेच दिसते.

नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटाच्या संगीतात हा संयम प्रथम ठळकपणे दिसला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली, त्या घटनेवर हा चित्रपट आधारलेला आहे. चापेकरांचे वडील हरी विनायक हे स्वतः कीर्तनकार होते आणि मुलगे त्यांच्या साथीला उभे राहत. म्हणजे या ऐतिहासिक घटनेच्या पोटातच कीर्तन होते, आणि ‘महानिर्वाण’ करून आलेल्या संगीतकाराला त्या वातावरणाची भाषा नव्याने शिकावी लागली नाही.

१९८० च्या दशकाअखेर मोडक मुख्य प्रवाहातील चित्रपटाकडे वळले. स्मिता तळवलकर यांची निर्मिती आणि कांचन नायक यांचे दिग्दर्शन असलेला ‘कळत नकळत’ (१९८९) आणि संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) हे दोन्ही चित्रपट मध्यमवर्गीय कुटुंबात घडतात. पहिल्यात विवाहबाह्य आकर्षणाने दुखावलेले घर आहे, तर दुसऱ्यात बुद्धीने लहानच राहिलेल्या प्रौढ नंदूभोवती उभे राहिलेले माणुसकीचे वर्तुळ. अशा विषयांत व्हायोलिनांचा पूर सोडून रडू आणणे सोपे असते. मोडकांनी तो मोह बऱ्याच अंशी टाळला आणि भावगीताच्या जातीच्या, घरात गुणगुणता येतील अशा चालींवर भिस्त ठेवली. ‘चौकट राजा’तील सुधीर मोघे यांच्या झोक्याच्या गीताची लय खरोखरीच पुढे-मागे हेलकावते आणि गाण्याचा अर्थ शब्दांआधी शरीराला कळतो. ही गाणी चित्रपटातून वेगळी काढून ऐकली तरी गोड लागतात, परंतु प्रसंगात ऐकल्यावर त्यांचे वजन दुप्पट होते.

पुढची काही वर्षे या कारकिर्दीतील सर्वांत समृद्ध मानावी लागतात आणि त्यांच्या केंद्रस्थानी कवी ना. धों. महानोर आहेत. महानोरांचे पळसखेडे अजिंठ्याच्या परिसरात आहे आणि अजिंठ्याची हीच डोंगररांग पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात उतरते. डोंगराच्या एका अंगाला पळसखेडे, दुसऱ्या अंगाला मेहकर आणि पुढे पूर्णेच्या सखल काळ्या मातीत अकोला, अशी ही भूमी पाहिली म्हणजे ना. घ. देशपांडे, महानोर आणि मोडक यांच्या कामातील रानाचा, पावसाचा आणि कोरड्या उन्हाळ्याचा संदर्भ एकच का वाटतो ते उमगते. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२) ची पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते महानोरांची आणि संगीत मोडकांचे. तमाशातील सोंगाड्या सिनेनट होतो आणि पुढे राजकारण्यांच्या हातातले खेळणे बनतो, या कथेला गण, गवळण, लावणी, बतावणी अशी तमाशाची सारी अंगे हवी होती आणि कृत्रिम होत जाणाऱ्या चित्रपटसृष्टीचा भपकाही. नायकाचे अधःपतन येथे संवादांइतकेच संगीताच्या पोतातील बदलातून घडते. ढोलकी-तुणतुण्याचा जिवंत ठेका जसजसा मागे पडतो तसतसा विदूषक आपल्याच हास्याला पारखा होतो. मराठी चित्रपटातील संगीतनियोजनाचा हा उत्कृष्ट नमुना होय. त्यामानाने त्याची चर्चा फारच थोडी झाली.

त्याच पटेल-महानोर-मोडक त्रयीचा ‘मुक्ता’ (१९९४) जातीय आणि वर्णीय विषमतेला भिडतो, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) दुष्काळाने आणि दैवाने पिचलेल्या घरातील दोन बहिणी आहेत. थोरलीचे लग्न वरातीवर कोसळलेल्या अपघाताने मोडते, घर जगवण्यासाठी तिला मुंबईच्या बाजारात जावे लागते आणि धाकटीच्या लग्नासाठी ती परत येते तेव्हा गाव तिला आपले मानत नाही. या चित्रपटातील भेगाळलेल्या भुईचे गीत गाणाऱ्या अंजली मराठे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘कळत नकळत’मधील गीतासाठी तोच पुरस्कार अनुराधा पौडवाल यांना मिळाला होता. एकाच संगीतकाराच्या दोन चालींवर दोन गायिकांना राष्ट्रीय मान मिळावा, यातून चालींची ताकद सिद्ध होते. मात्र पुरस्कारांच्या यादीत नाव गायिकांचे राहते. पार्श्वसंगीताची स्थिती तर याहून वाईट होती. संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६७ पासून दिला जात असला तरी पार्श्वसंगीतासाठी वेगळा पुरस्कार प्रथम १९९४ च्या चित्रपटांसाठी, ‘सुकृतम्’ या मल्याळम चित्रपटाचे संगीतकार जॉन्सन यांना, देण्यात आला आणि २००९ पासूनच तो नियमित झाला. मोडकांचे सर्वोत्तम काम याच मधल्या पोकळीत सापडले.

रंगमंच त्यांनी कधीच सोडला नाही. चंद्रकांत काळे आदी सहकाऱ्यांसोबत केलेला ‘साजणवेळा’ हा ग्रेस यांच्या कवितांचा कार्यक्रम दुर्बोध मानल्या गेलेल्या कवीला स्वरांच्या वाटेने श्रोत्यांजवळ आणणारा ठरला. अर्थ पूर्ण हाती लागला नाही तरी भाव पोहोचवता येतो, हा त्यामागील विश्वास पार्श्वसंगीतकाराचाच आहे. नागपूरच्या ग्रेस यांच्या कवितेला अकोल्याच्या संगीतकाराने दिलेला हा न्याय विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासात स्वतंत्र नोंदीस पात्र आहे.

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये (२००९) मोडकांपुढे वेगळाच प्रश्न होता. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेला ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट होता. ज्या कलेला अजून आवाज फुटलेला नव्हता, तिच्या जन्मकथेला आवाज द्यायचा होता. चरित्रपटाला साजणारे गंभीर, गौरवपर संगीत येथे सहज खपून गेले असते. परंतु चित्रपटाचा सूर खेळकर आहे आणि संगीतही फाळक्यांच्या उत्साहाच्या वेगाने पळते. महापुरुषाच्या पुतळ्याऐवजी नव्या खेळण्याने झपाटलेला गृहस्थ दिसतो, याचे बरेचसे श्रेय त्या संगीताकडे जाते. भारताने ऑस्करसाठी पाठवलेल्या या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले, संगीताविषयी मात्र चार-दोन वाक्ये.

जब्बार पटेल यांच्या ‘यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची’ या चित्रपटात पटेल, महानोर आणि मोडक पुन्हा एकत्र आले. मार्च २०१४ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि २३ मे २०१४ रोजी पुण्यात मोडकांचे निधन झाले. ‘महानिर्वाण’ला त्या वर्षी ४० वर्षे पूर्ण होत होती.