शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आणि मनाचे अवधान

बीड जिल्ह्यातील नारायणगडाहून आषाढीला पालखी पंढरपुरास जाते. वारकऱ्याच्या मनात पंढरी असते, पण नजर पायाखालच्या वाटेवर असते. दोन्ही सांभाळतो म्हणूनच तो पोहोचतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी वर्गात बसलेली असते, पण तिचे चित्त थाऱ्यावर नसते. घरी स्थळे पाहणे चालू असते, स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर धाकट्या भावंडांचे तीच पाहते. पुस्तक उघडे, आणि एकाच ओळीवर अर्धा तास! आम्ही शिक्षक म्हणतो, "लक्ष दे." ते कसे द्यावे, हे मात्र शिकवीत नाही.

हे शिकता येते. पाली भाषेत याला 'सती' म्हणतात. म्हणजे चालू क्षणाचे भान. इगतपुरीस १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली याच धर्तीवर रुग्णांसाठी वर्ग काढला.

कृती साधी आहे. पाठ ताठ ठेवून पाच मिनिटे बसावे. येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. मन निकालाकडे पळाले, की 'पळाले' एवढे ओळखून परत आणावे. दहादा पळाले तर दहादा आणावे. परत आणणे हाच यातला व्यायाम. मन पळाले म्हणजे आपण नापास झालो, असे नव्हे.

एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, डोळे मिटून बसले म्हणून घरचे लग्न पुढे ढकलतील का?" प्रश्न रास्त होता. नुसत्या बसण्याने कोणी ढकलणार नाही. त्यासाठी घरच्यांशी बोलावेच लागेल. पण घाबरलेल्या मनाला शब्द सुचत नाहीत. मन जरा स्थिरावले, की "परीक्षा होईस्तोवर थांबा," एवढे तरी नीट सांगता येते. मग ते ऐकून घेणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर श्वासावर विसंबू नये. डॉक्टरांना गाठावे, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांबचे समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आहे. आपल्या मुलींना कुठे पळून जायचे नाही. त्यांना सावध राहून आपले म्हणणे मांडायचे आहे. तेवढी पाच मिनिटे त्यांना घरात आणि वर्गात मिळू द्या.