डबा ताकद देत नाही : पिकअपच्या ईसीएमबद्दलचे गैरसमज

हापूसचा हंगाम भरात आला की रत्नागिरीतल्या पिकअपना उसंत नसते. एक वाट महामार्गाने पनवेलवरून वाशीच्या बाजाराकडे जाते. दुसरी पाली, साखरपा करत आंबा घाट चढते आणि कोल्हापूर गाठते. मागे दीड टनाच्या आसपास माल, वर एप्रिलचं ऊन, समोर चढ. घाटात गाडी दमली की कुणीतरी सांगतं, ‘एक चिप टाक, मग बघ कशी ओढते ती.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण गाडी हप्त्यांवर आणि घर गाडीवर चालत असेल, तर त्या चिपमध्ये काय असतं हे समजल्याशिवाय खिशात हात घालू नये.

‘डबा लावला की ताकदही वाढते आणि अ‍ॅव्हरेजही’

ताकद डिझेलमधून येते. ईसीएम हा इंजिनाचा संगणक फक्त एवढं ठरवतो, की डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचं. ‘फक्त’ म्हटलं तरी काम नाजूक आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना क्रँकला एक अंश फिरायला सुमारे ५५ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या हिशेबात मुख्य फवाऱ्याच्या आधी एक छोटा पायलट फवाराही सोडायचा असतो. तो चुकला की इंजिन खडखडतं.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ‘ट्यूनिंग बॉक्स’, म्हणजे हाच डबा, यातलं काहीच ठरवत नाही. तो रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत मध्येच बसवलेला असतो. सेन्सर दाबानुसार साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल पाठवतो आणि डबा तो जरा कमी करून पुढे देतो. दाब घटला असं समजून ईसीएम तो वाढवतो. इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण दाब जास्त असल्याने डिझेल जास्त पडतं आणि गाडी जोरात ओढते. मालकाला जाणवलेला फरक खरा असतो.

अ‍ॅव्हरेजचा आकडा मात्र खरा नसतो. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज टाकीतून गेलेलं डिझेल मोजून काढलेलं नसतं. ईसीएमने जेवढं डिझेल सोडायचा हुकूम दिला, त्याची ती बेरीज असते. सेन्सरच फसवलेला असल्याने हुकूम कमी डिझेलचा राहतो आणि सिलिंडरमध्ये जास्त पडतं. म्हणजे ज्या मीटरवर आपण फायदा बघतो, त्यालाच डब्याने अंधारात ठेवलेलं असतं. म्हणून अ‍ॅव्हरेज पंपावर तपासावं : टाकी काठोकाठ भरायची, नेहमीच्या मालासह नेहमीची वाट करायची, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं.

रीमॅपची गोष्ट वेगळी आहे. त्यात लॅपटॉप लावून ईसीएममधली फाइल वाचतात आणि तिच्यातले तक्ते बदलतात : टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, रेलचा दाब, फवाऱ्याची वेळ. फवारा थोडा आधी सुरू केला तर डिझेलमध्ये थोडी बचत होऊ शकते, हे इंजिनचं शास्त्र आहे. त्याची किंमतही त्याच शास्त्रात आहे. सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो आणि नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. ही किंमत बिलावर छापलेली नसते. ती इंजिन आणि इतरांची फुप्फुसं भरतात.

‘कंपनी ताकद मुद्दाम दाबून ठेवते’

हे अर्धं खरं आहे, म्हणून चटकन पटतं. एकच इंजिन वेगवेगळ्या मॉडेलमध्ये कमी-जास्त ताकदीचं करून विकण्याची पद्धत सगळ्या जगात आहे. त्यामुळे काही इंजिनांत थोडी जागा शिल्लक असते, हे नाकारता येणार नाही. पण ती जागा कशासाठी ठेवलेली असते? भेसळीच्या डिझेलसाठी, वर्षभर न बदललेल्या एअर फिल्टरसाठी, कागदावरच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या मालासाठी आणि दुपारी दोन वाजताच्या घाटासाठी. टर्बोत शिरणाऱ्या धुराचं तापमान साधारण ७५० ते ८०० अंशांच्या आत राखावं लागतं. क्लच आणि गिअरबॉक्स ठरावीक टॉर्कच सोसतात. रिकामी मोटार शहरात चालवणाऱ्याने ही जागा वापरली, तर काही काळ निभावेल. लादलेला पिकअप मात्र घाटात सलग पूर्ण ताकदीवर चालतो, त्याची शिल्लक रोजच वापरली जाते. मोटारीच्या शौकीनांचा अनुभव आंब्याच्या गाडीला लावणं मला धोक्याचं वाटतं.

‘गाडी ओढत नाही, म्हणजे प्रोग्रॅमिंग कमी पडतंय’

कोकणात याची कारणं बहुतेक वेळा लॅपटॉपपर्यंत जातच नाहीत. इंटरकूलरचा पाइप चिरला तर टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते. ईसीएमला अपेक्षित दाब मिळत नाही, तो डिझेल कापतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, जाते. डिझेल फिल्टर तुंबला तरी परिणाम तसाच. शिवाय इथली खारी हवा आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आंबाही संपलेला असतो. मिरकरवाडा बंदराची मासळी वाहणाऱ्या कितीतरी गाड्या पावसात उभ्या राहतात. या काळात कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. अशा पिनेतून सेन्सरचा व्होल्टेज चुकीचा जातो आणि ईसीएम त्यावरच विश्वास ठेवतो. निदान न करता वर डबा बसवला, तर एका चुकीच्या सिग्नलवर दुसरा चुकीचा सिग्नल चढतो.

डीपीएफ असलेल्या बीएस-६ गाड्यांचं दुखणं निराळं. डीपीएफ हा धुराच्या वाटेतला फिल्टर काजळी अडवतो आणि अधूनमधून ती जाळून टाकतो. जाळायला आत साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. बंदर ते बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते काम अर्धवट राहतं आणि दिवा पेटतो. पुष्कळदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या गतीने चालवली की तो विझतो. त्यानेही विझला नाही, तर सर्व्हिस सेंटरमध्ये रीजनरेशन करून घेता येतं. इंजेक्टर बदलताना आणखी एक गोष्ट राहून जाते. प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा दुरुस्ती-कोड छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी बाहेर पडली, तर नव्या इंजेक्टरनेही इंजिन अडखळतं आणि दोष ‘प्रोग्रॅमिंग’च्या माथी बसतो.

‘ईजीआर, डीपीएफ काढलं तरी पीयूसी मिळते. मग बिघडलं काय?’

डिझेल गाडीच्या पीयूसीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे एवढंच मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत आणि ते डोळ्यांनाही दिसत नाहीत. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर बंद केला की नेमके तेच वाढतात, कधी कधी दिसणारा धूर उलट कमी होतो. पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ, असा अर्थ यातून निघत नाही. हलक्या मालवाहू गाड्यांमधल्या जड वर्गातल्या डिझेल गाडीला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ०.३९ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ०.१२५ ग्रॅमवर आली. काजळीच्या कणांची मर्यादा ०.०६ वरून ०.००४५ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. त्या धुरात सगळ्यात जास्त वेळ उभे असतात ते हमाल, क्लीनर आणि मेस्त्री.

हे मोठ्या प्रमाणावर झालं तर काय होतं, याचा हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, की सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली. त्या गाड्यांच्या उरलेल्या आयुष्यात हवेत जाणारे जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड ५ लाख ७० हजार टनांच्या घरात धरले गेले.

‘सॉफ्टवेअर बदललं तर कळतं कुणाला?’ हेही तितकंच चूक आहे. गाडीच्या ओबीडी या निदान-पोर्टमधून कॅलिब्रेशनचा क्रमांक आणि त्या फाइलची पडताळणी-संख्या वाचता येते. मूळ फाइलशी ती जुळली नाही की बदल उघडा पडतो. फोक्सवॅगनचा सप्टेंबर २०१५ मध्ये बाहेर आलेला धूर-चाचणीचा घोटाळाही सॉफ्टवेअरचाच होता. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने त्या गाड्या रस्त्यावर तपासल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला भारतात ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इतकी बलाढ्य कंपनी सुटली नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘म्हणजे बाहेरचं मॉड्यूल बनवणंच गुन्हा’

तसं नाही. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणारा स्पीड गव्हर्नर हे गाडीच्या नियंत्रणात हात घालणारं यंत्र आहे, आणि ते एआयएस-०१८ या मानकानुसार मंजूर होऊन बाजारात येतं. सीएनजी किटलाही स्वतःचा ईसीयू, म्हणजे नियंत्रक संगणक, असतो. साडेतीन टनांखालच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवायची आणि डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी इंजिन घालायची वाट केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये खुली केली. कॅलिफोर्नियात बाहेरचं ट्यूनिंग उपकरण तपासून, धूर वाढत नाही असं दिसलं तर त्याला क्रमांकासह परवानगी देतात. आपल्याकडे डिझेल पिकअपसाठी अशी ठाम वाट हवी, असं मला मनापासून वाटतं. ईसीएम जळला तर मालकासमोर महागड्या नव्या भागाशिवाय मंजूर पर्याय असायला हवा.

पण असं मॉड्यूल तयार करणं म्हणजे फाइलमधले चार आकडे वाढवणं नव्हे. सोलेनॉइड इंजेक्टर झटकन उघडायला बॅटरीच्या १२ व्होल्टचे ६० ते ६५ व्होल्ट करावे लागतात, आणि ते सर्किट बॉनेटखालची उष्णता, थरथर आणि रत्नागिरीचा पाऊस सोसेल असं बांधावं लागतं. मग डायनामोमीटरवर इंजिन लावून वेग आणि भाराच्या प्रत्येक टप्प्यावर डिझेल, धूर आणि तापमान मोजत तक्ते भरायचे. आधुनिक डिझेल ईसीएममध्ये असे बदलता येणारे आकडे हजारोंनी असतात. त्यानंतर थंड प्रदेश, उन्हाळा आणि उंच घाट यांत चाचण्या. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरचा धूरही मोजला जातो. हे ज्ञान परक्याच घरचं आहे असंही नाही. आयआयटी मुंबईतून २००७ मध्ये निघालेली पुण्याची सेडेमॅक ही कंपनी जनरेटर आणि दुचाकींच्या इंजिनांचे कंट्रोलर बनवते. कॉमन रेल इंजेक्टर नाशिकच्या बॉश कारखान्यात तयार होतात. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एखाद्या तरुणाने यात उतरायचं ठरवलं, तर सुरुवात निदान, कनेक्टर आणि वायरिंग दुरुस्ती, ईसीएमची हार्डवेअर दुरुस्ती इथून करावी. त्यात पैसा आहे, गिऱ्हाईक दारात आहे आणि कायदा आड येत नाही.

आणि कुणी डबा विकायला आलाच, तर त्याच्याकडे मंजुरीचं प्रमाणपत्र आणि त्यावर आपल्या गाडीचं मॉडेल मागावं. डबा लावण्याआधी आणि नंतर चढावर लादलेल्या गाडीत घेतलेल्या रेलचा दाब आणि धुराचं तापमान यांच्या नोंदी मागाव्यात. बदल आरसीवर चढणार का, हे आधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं.