पडद्यावरील पाठ आणि नवा शिक्षक

शिक्षकानें मुलांस शिकवावें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शिक्षकास कोणीं व कसें शिकवावें, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांत क्वचितच निघतो. अलीकडे या प्रश्नाचें उत्तर ‘ऑनलाइन’ या एका शब्दांत देऊन मोकळें होण्याची प्रथा पडत चालली आहे. तें उत्तर कितपत पुरतें, हें पाहावयाचें तर बीड जिल्ह्याकडे पाहावें. कारण तेथें या साधनाची गरजहि मोठी आहे आणि त्याची मर्यादाहि लवकर उघडी पडते.

या जिल्ह्यांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मुख्य संस्था, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, अंबाजोगाईस आहे. अशा संस्था १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतून देशभर निर्माण झाल्या. अंबाजोगाई जिल्ह्याच्या पूर्वभागांत, तर आष्टी तालुका पश्चिमेच्या टोकास. मध्यें बालाघाटाचे डोंगर. आष्टीकडील वाडीवरच्या शिक्षकानें एका दिवसाच्या वर्गासाठीं अंबाजोगाईस यावें, तर शाळेचे दोन दिवस सहज बुडतात. वाडीवरची शाळा बहुधा दोन शिक्षकांची. एक गेला कीं दुसऱ्यानें चारहि इयत्ता एकट्यानें सांभाळावयाच्या. म्हणून मोबाईलवर घरबसल्या जें मिळूं शकतें, त्याचें मोल पुण्यामुंबईच्या वाचकास वाटेल त्याहून येथें पुष्कळ अधिक आहे.

दूर बसून शिक्षकास शिकविण्याची कल्पना नवी नव्हे. १९७५ सालीं उपग्रहाच्या साह्यानें खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी पोंचविण्याचा जो मोठा प्रयोग देशांत झाला, त्यांत मराठी मुलखाच्या शेजारचे गुलबर्गा व विजापूर हे जिल्हे होते. त्या वेळीं बारा दिवसांच्या एकेका वर्गांत सुमारें २४,००० प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याची रीत दाखविण्यांत आली. ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, तेथें नुसता पडदा नव्हता. केंद्रावर मार्गदर्शक शिक्षक हजर असत. पुढें १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. २०१७ सालीं केंद्र सरकारनें जुलैंत ‘स्वयम्’ आणि सप्टेंबरांत, शिक्षकदिनीं, ‘दीक्षा’ हीं व्यासपीठें उघडलीं. त्याच वर्षीं कायदा दुरुस्त होऊन, नोकरींत असलेल्या पण प्रशिक्षण न झालेल्या शिक्षकांस ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पदविकेसाठीं बारा लाखांहून अधिक शिक्षकांनीं नांवें नोंदविलीं. ती अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची मानावी काय, हा वाद पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ सालीं समोरासमोर सुरू झालेला ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणाचा उपक्रमहि करोनाच्या सांथींत, २०२० च्या ऑक्टोबरांत, पडद्यावर आला.

या पाठांची घडण साधारणतः एकसारखी असते. चित्रफीत पाहावयाची, मजकूर वाचावयाचा, प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं. शेवटीं प्रमाणपत्र मिळतें. यांतून विषयाचें ज्ञान चांगलें मिळतें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. अपूर्णांकांची संकल्पना चित्रांनीं कशी उलगडावी, हें उत्तम अध्यापकाकडून ऐकण्याची सोय आष्टीच्या शिक्षकास पूर्वीं कधींच नव्हती. एकदां न समजल्यास पुन्हां ऐकावें, आणि पुन्हां ऐकतांना कोणी हंसत नाहीं, हाहि फायदाच.

परंतु वर्गांत काय घडतें तें पाहावें. दसरा-दिवाळी सरली कीं बीडच्या खेड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यास जावेंच लागतें. मुलांपैकीं कांहीं आजीआजोबांपाशीं राहतात व त्यांच्यासाठीं गांवांत हंगामी वसतिगृह चालतें. कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात, तीं पाडव्याच्या सुमारास परततात. मग तिसरीच्या वर्गांत एक मूल परिच्छेद घडाघड वाचतें आणि त्याच्या शेजारचें पहिल्याच जोडाक्षरावर बोट ठेवून थांबतें. नव्या शिक्षकानें एकाच तासांत या दोघांस काय द्यावें? ‘स्तरानुसार गट करा’ असें पडद्यावर सांगतात, आणि तें खरेंच आहे. पण मागें पडलेल्या मुलास कमीपणा न वाटूं देतां दुसऱ्या गटांत कसें बसवावें, प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प राहावें, फडावरून आलेल्या मुलीच्या तोंडचा ‘वाढें’ किंवा ‘मोळी’ हा शब्दच वाचनाचा पहिला धडा कसा करावा, हें ऐकून येत नाहीं. शिकवितांना कोणी तरी पाहावें लागतें आणि ‘येथें आपण घाई केलीत’ असें दाखवावें लागतें.

येथें साठ वर्षांपूर्वींची एक युक्ति आठवावी. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्म अध्यापनाची पद्धति बसविली. नवशिक्या शिक्षकानें एकच कौशल्य घेऊन पांचदहा मिनिटें शिकवावें, त्याचें चित्रण करावें, तें मार्गदर्शकासह पाहावें आणि तोच पाठ सुधारून पुन्हां द्यावा, अशी ही रीत. आपल्या अध्यापक विद्यालयांनीं कौशल्यांचीं नांवें घेतलीं. यंत्र मात्र बहुधा मागेंच राहिलें. सहाध्यायीच मुलें होऊन समोर बसतात, आणि विशीबाविशीचीं तीं ‘मुलें’ पाढे चुकण्याचें सोंग आणतात!

आज चित्रणाचें यंत्र प्रत्येक शिक्षकाच्या खिशांत आहे. असें असतां सर्व वाहतूक एकाच दिशेनें, तज्ज्ञाकडून शिक्षकाकडे, चालावी हें नवल होय. ती उलटी करावी. शिक्षकानें आपल्याच वर्गांतील दहा मिनिटांचा पाठ टिपावा आणि अंबाजोगाईच्या मार्गदर्शकाकडे किंवा आपल्या केंद्रप्रमुखाकडे पाठवावा. डोंगरपट्ट्यांत संपर्क तुटत असला तरी थेट बोलावयाचें नसल्यानें कांहीं बिघडत नाहीं; रात्रीं पाठविलें तरी चालतें. मुलांचे चेहरे टिपूं नयेत, मोबाईल मागच्या भिंतीपाशीं ठेवावा. पाहावयाचें तें शिक्षकासच. आणि ती चित्रफीत तपासणीचा पुरावा होणार नाहीं अशी लेखी हमी असावी, नाहीं तर प्रत्येक जण घोटून बसविलेलाच पाठ पाठवील.

यास पैसा थोडा लागतो, माणसाचा वेळ मात्र लागतो. महाराष्ट्रांत नवा शिक्षक पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ असतो. याच काळांत संवयी जडतात. दहा मिनिटांचा पाठ नीट पाहून त्यावर चार कामाच्या ओळी लिहिण्यास अर्धा तास पुरतो. एका मार्गदर्शकाकडे वीस शिक्षणसेवक दिले आणि दरमहा प्रत्येकाचा एक पाठ घेतला, तर महिन्यास दहा तासांचें काम होतें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठीं निदान पन्नास तासांचें प्रशिक्षण मिळावें असें म्हटलें आहे. त्यांतील कांहीं तास प्रमाणपत्रांच्या चित्रफितींतून काढून इकडे द्यावे. आरंभ दिवाळीनंतर करावा. त्या वेळीं वर्ग लहान झालेला असतो, शिक्षकास सांवरण्यास अवसर मिळतो, आणि पाडव्यास फडावरचीं मुलें परततील तोंवर त्याचे चार पाठ कोणी तरी पाहिलेले असतील.