लातूरचा की काझीपेटचा? कारखान्यांच्या चढाओढीविषयी काही समज आणि वस्तुस्थिती

लोहा तालुका महसुली दप्तरात नांदेड जिल्ह्याचा, आणि लोकसभेच्या मतदानाला मात्र लातूर मतदारसंघाचा. शिवाय पूर्वेकडे देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके ओलांडले की तेलंगणाची हद्द लागते. त्यामुळे येथील माणसाच्या मनात तुलनेचा तराजू कायम हलता असतो. 26 मार्च 2023 रोजी तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी लोह्यात जाहीर सभा घेतली, तेव्हा त्या तुलनेला राजकीय व्यासपीठही मिळाले. ही तुलना शेतीच्या अनुदानापाशी थांबत नाही. कारखाने शेजाऱ्याकडे का जातात, आपल्याकडे का येत नाहीत, आलेच तर कोणामुळे आणि गेले तर कोणाच्या कपटाने, याविषयी चावडीपासून विधिमंडळापर्यंत जी विधाने निःशंकपणे केली जातात त्यांतील पुष्कळशी वस्तुस्थितीला धरून नाहीत. आणि ज्या मुलखातील तरुण रोजगारासाठी पुण्याची नाहीतर हैदराबादची वाट धरतात, त्या मुलखाला असल्या गैरसमजांची किंमत इतरांपेक्षा अधिक मोजावी लागते, म्हणून त्यांची छाननी करणे अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समज असा की, कारखाना ही मूळची एका राज्याची ठेव असते आणि दुसरे राज्य ती पळवून नेते. हा समज तपासायला लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. मराठवाड्याला हा कारखाना आपल्या हक्काचा, किंबहुना फार उशिरा पदरी पडलेला वाटतो. उलट वारंगळजवळच्या काझीपेटमध्ये हाच कारखाना तेलंगणाच्या तोंडचा घास म्हणून सांगितला जातो. त्या तक्रारीला इतिहास आहे. 1980 नंतरच्या काळात काझीपेटला डबे कारखाना होणार अशी अपेक्षा निर्माण झाली होती, परंतु 1985 मध्ये कोनशिला बसली ती पंजाबात, कपूरथळ्याला. पुढे आंध्र प्रदेशाच्या विभाजनाचा 2014 चा कायदा झाला, त्याच्या तेराव्या परिशिष्टात तेलंगणातील डबे कारखान्याचा उल्लेख आला, आणि तेथील जनतेने तो पक्का वायदा मानला. प्रत्यक्षात त्या परिशिष्टाने रेल्वेवर घातलेले बंधन, सहा महिन्यांच्या मुदतीत शक्यता तपासून त्वरित निर्णय घ्यावा, एवढेच होते. कारखाना उभारलाच पाहिजे असे नव्हते. नव्या कारखान्याची आवश्यकता नाही, असे रेल्वे मंत्रालयाचे काझीपेटपुरते म्हणणे पडले; आणि 31 मार्च 2018 रोजी लातूरला भूमिपूजन झाले. काझीपेटला रेल्वे उत्पादन केंद्राची कोनशिला बसायला 8 जुलै 2023 उजाडला.

या हकिकतीत महाराष्ट्र सरकारने तेलंगणाचे काही चोरले नाही, आणि तेलंगणाचा विषादही बनावट नाही. निर्णय दिल्लीत झाला, आणि दिल्लीतील असे निर्णय गरजेच्या गणिताबरोबरच त्या त्या वेळच्या राजकीय वजनावरही होतात, हे कपूरथळ्याने दाखवले आणि लातूरनेही दाखवले. माझ्या मनाला अधिक लागणारी गोष्ट वेगळीच आहे. नांदेड, लातूर आणि वारंगळ ही 1948 पर्यंत एकाच निजामी राज्यात होती. त्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही कापडगिरणी चालली, वारंगळला 1934 मध्ये आझमजाही गिरणी निघाली. पुढे दोन्ही गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि दोन्ही बंद पडल्या. एकाच प्रकारे उजाडलेली ही दोन गावे आज एका कारखान्यावरून एकमेकांकडे संशयाने पाहतात, हे मला खेदाचे वाटते.

दुसरा समज भूमिपूजनाविषयीचा. कोनशिला बसली की रोजगार आलाच, अशी समजूत करून घेणारे लोक भाबडे नसतात; त्यांना तसे सांगितलेले असते. लातूरच्या कारखान्याची पायाभूत क्षमता वर्षाला 250 डब्यांची सांगण्यात आली, आणि 25 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेरही पडला. भूमिपूजनापासून तीन वर्षांच्या आत हे झाले, ही गोष्ट अभिनंदनीयच होती. परंतु पहिला सांगाडा म्हणजे नियमित उत्पादन नव्हे. डबे बनवण्याचे भरघोस काम हाती यावे लागते. ते काम सप्टेंबर 2023 मध्ये, रेल विकास निगम आणि रशियातील उत्पादक यांच्या संयुक्त कंपनीशी वंदे भारत शयनयान गाड्यांच्या 1,920 डब्यांचा करार झाला तेव्हा दृष्टिपथात आले. इमारत उभी, यंत्रे बसलेली, आणि मागणीची वाट पाहणे चालू, अशी वर्षे लातूरने मधल्या काळात पाहिली. कारखान्याला जमीन आणि छप्पर जितके लागते तितकीच खात्रीची मागणी लागते, हा धडा त्या वर्षांनी दिला, आणि भूमिपूजनाच्या मांडवात तो कोणी सांगत नाही.

जी गोष्ट कोनशिलेची तीच सामंजस्य कराराची, किंबहुना त्याहून कच्ची. सामंजस्य करार म्हणजे स्थळ पाहण्याची बैठक. तीत चहापोहे झाले म्हणून लग्न ठरले असे कोणी समजत नाही. बहुतेक करारांत कोणत्याही पक्षावर कायदेशीर बंधन नसते, आणि एकच कंपनी एकाच वेळी तीन-चार राज्यांशी बोलणी करीत असते. वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या अर्धवाहक प्रकल्पासाठी पुण्याजवळच्या तळेगावचे नाव पुढे होते. 13 सप्टेंबर 2022 रोजी 1.54 लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार गुजरातशी झाला, आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. एका सरकारने दुसऱ्यावर दोष ठेवला, दुसऱ्याने पहिल्यावर. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, आणि तो संयुक्त प्रकल्प तळेगावलाही झाला नाही, गुजरातेतही झाला नाही. मात्र प्रत्येक गमावलेला प्रकल्प असाच हवेत विरतो, असा निष्कर्ष यातून काढणेही चूक ठरेल. महाराष्ट्राने ज्याची आशा धरली होती तो टाटा-एअरबसचा सी-295 विमानांचा कारखाना वडोदऱ्यात खरोखरच उभा राहिला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचे उद्घाटनही झाले.

आता सवलतींकडे वळू, कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे आणि गैरसमजही तेथेच सर्वाधिक आहेत. जो अधिक देईल त्याच्याकडे कारखाना जाईल, आणि सवलत देण्यात राज्याच्या खजिन्याचे काही जात नाही, अशी दोन विधाने जोडीने केली जातात. 1991 पूर्वी मोठ्या उद्योगाला परवाना दिल्लीतून मिळे. त्यामुळे राज्यांच्या चढाओढीला मर्यादा होती. तरीही महाराष्ट्राने 1964 मध्येच, मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत या हेतूने, सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली आणि पुढे तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावून मागास तालुक्याला अधिक सवलत हे तत्त्व रूढ केले. परवानापद्धती संपल्यावर विक्रीकर माफ करण्याची राज्याराज्यांत जी स्पर्धा लागली ती इतकी घातक ठरली की, नोव्हेंबर 1999 मध्ये सर्व राज्यांचे मुख्यमंत्री एकत्र बसले आणि 1 जानेवारी 2000 पासून विक्रीकरावर आधारलेल्या उद्योग-सवलती बंद कराव्यात असे त्यांनी ठरवले. ते ठरले, आणि सवलतींनी केवळ रूप पालटले. माफीऐवजी परतावा, परताव्याऐवजी अनुदान, वीजशुल्कात सूट, मुद्रांकशुल्कात सूट. एका राज्याने थांबावे तर दुसरे पुढे जाईल, ही भीती सर्वांनाच होती, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि या हिशेबात लोह्यासारख्या सीमेलगतच्या मुलखाला जाचक ठरणारी एक गोष्ट शिरली. हा कर माल जेथे बनतो त्या राज्याला मिळत नाही. माल जेथे खपतो त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्राच्या योजनेतील प्रमुख अनुदान राज्याच्या वाट्याच्या करावर, म्हणजे महाराष्ट्रात झालेल्या विक्रीवर, मोजले जाते. पुण्याच्या बाजारात माल विकणाऱ्याला त्याचा पूर्ण लाभ होतो. परंतु ज्या कारखानदाराची स्वाभाविक बाजारपेठ निजामाबाद आणि हैदराबाद आहे, त्याने मागास तालुक्यात कारखाना काढूनही, त्याचा माल हद्द ओलांडून गेला की त्या विक्रीवरचे अनुदान त्याला मिळत नाही. कागदावर सर्वाधिक सवलत ज्या मुलखाला, त्याच मुलखात ती पदरात पडणे अवघड, अशी ही अडचण आहे, आणि मराठवाड्याच्या प्रतिनिधींनी प्रोत्साहन योजनेच्या प्रत्येक फेरआखणीच्या वेळी ती नेटाने मांडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खजिन्याचे काही जात नाही, या विधानाला गुजरातेतील साणंदचा आकडा पुरेसा आहे. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या तेथील, 2023 मध्ये जाहीर झालेल्या अर्धवाहक प्रकल्पाचा एकूण खर्च 2.75 अब्ज डॉलर. त्यातील 50 टक्के भार केंद्राने आणि 20 टक्के गुजरातने उचलायचा. प्रत्यक्ष रोजगार सांगितला गेला तो सुमारे 5,000. भागाकार केला तर एका प्रत्यक्ष नोकरीमागे सार्वजनिक पैसा तीन कोटी रुपयांहून अधिक पडतो. अर्धवाहक निर्मितीसारखे दुर्मिळ कौशल्य देशात आणण्यासाठी हा खर्च समर्थनीय आहे, असे मानणारे लोक आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो रोजगारासाठी केलेला खर्च आहे, असे कोणी सांगू नये.

मग सवलतींखेरीज कारखानदार काय पाहतो? तो मोकळी, वादमुक्त जमीन पाहतो. सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने जवळ आहेत का हे पाहतो. बंदराचे अंतर, विजेची शाश्वती आणि पाण्याचा भरवसा पाहतो. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही बातमी ज्या गुंतवणूकदाराने वाचली असेल त्याला कोणत्याही अनुदानाने सहज विसर पडणार नाही. लोह्यावरून तुळजापूर-लातूर-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग जातो, हे खरे. परंतु लोह्याला रेल्वे नाही, आणि नांदेडहून लातूरला आगगाडीने जायचे तर परभणी-परळीचा वळसा घ्यावा लागतो. तेलंगणाने 2014 मध्ये उद्योग-मंजुऱ्यांसाठी कायदा केला आणि मोठ्या प्रकल्पांना पंधरा दिवसांची, इतरांना तीस दिवसांची मुदत बांधून दिली. 2021 मध्ये केरळची किटेक्स ही वस्त्र कंपनी सरकारी तपासण्यांच्या जाचाची तक्रार करीत आपल्या राज्यातील नव्या गुंतवणुकीतून बाहेर पडली आणि वारंगळच्या काकतीय वस्त्रोद्यान प्रकल्पात गेली. तेथे अनुदान होतेच, पण कंपनीने बोलून दाखवलेले कारण वागणुकीचे होते.

महाराष्ट्र सर्वत्र हरतो आहे, हाही एक समज. तो थोडक्यात निकालात काढता येतो. परकीय गुंतवणुकीत हे राज्य वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे. 2024 मध्ये तमिळनाडूतील होसूरला कारखाने असलेल्या एथर कंपनीने आणि कर्नाटकातील बिडदीला कारखाने असलेल्या टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरची निवड जाहीर केली. त्या दिवशी होसूर आणि बिडदीकडच्या लोकांना आपल्यासारखेच वाटले असेल. मात्र राज्याच्या या यशातील किती वाटा मांजरा आणि मन्याडच्या खोऱ्यांत पोहोचतो, हा प्रश्न गुजरात वा तेलंगणाला विचारण्याचा नाही. लोह्याची खरी स्पर्धा चाकणशी आहे, रांजणगावशी आहे, आणि मराठवाड्यातच म्हणायचे तर शेंद्रा-बिडकीनशी आहे. दांडेकर समितीने 1984 मध्ये आणि केळकर समितीने 2013 मध्ये हा प्रादेशिक असमतोल मोजून दाखवला. त्याच्या निवारणासाठी घटनेच्या 371 (2) कलमान्वये 1994 मध्ये मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळाले, त्याची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, आणि त्या मुदतीविषयी जितका आवाज उठायला हवा होता तितका उठला नाही. शेजारच्या राज्यावर रागावणे सोपे असते. आपल्याच राज्याच्या राजधानीकडे हिशेब मागायला चिकाटी लागते.

उरला स्थानिकांच्या नोकऱ्यांचा समज. सवलत घेणाऱ्या कारखान्याने 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असा महाराष्ट्राचा दंडक आहे; परंतु स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, तालुक्याचा वा जिल्ह्याचा नव्हे. लातूरच्या कारखान्यासाठी लोह्याचा मुलगा आणि नागपूरचा मुलगा त्या दंडकापुढे समान आहेत. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के आरक्षणाचा कायदाच केला होता; तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला. तेव्हा कायद्याच्या बळावर गावातील मुलांना कारखान्यात बसवता येईल ही आशा फार धरू नये. डबे बनवायला लागतात जोडारी, वीजतंत्री आणि पोलादाच्या पातळ पत्र्याला नेमका सांधा घालणारे संधाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संधात्याचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो, जोडारी आणि वीजतंत्री यांचा दोन वर्षांचा. म्हणजे कारखान्याने भरतीची जाहिरात काढली त्या महिन्यात प्रवेश घेणारा विद्यार्थी त्या भरतीला उपयोगी पडत नाही, आणि लोहा, कंधार, अहमदपूर या तालुक्यांतील संस्थांत जागा, यंत्रे आणि शिक्षक वाढवण्याची तजवीज करायची ती कराराच्या वेळीच, उत्पादन सुरू होण्याच्या किमान दोन वर्षे आधी, करावी लागते.