पार्टिशनचे अक्षर कोण ठरवते?
संगणकाच्या पोटात : भाग सातवा

मागच्या आठवड्यात आपण हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर उघडून पाहिला. ५१२ बाइटच्या त्या जागेत विभाजनाच्या तक्त्याला मिळतात ६४ बाइट. त्यात १६-१६ बाइटच्या चार नोंदी. पार्टिशन कुठे सुरू होते, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचे आहे आणि संगणक त्यावरून सुरू करायचा का, एवढे त्या नोंदीत असते. ‘सी’ किंवा ‘डी’ हे अक्षर मात्र त्यात कुठेच नसते. तरीही आपण सगळे ‘माझ्या डी ड्राइव्हमध्ये आहे’ असे म्हणतो, जणू ते अक्षर डिस्कवर कोरलेलेच आहे. या भागात मला एवढेच दाखवायचे आहे की अक्षर पार्टिशनच्या अंगचे नसते. चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टिम ते त्याला देते, आणि तीच ते बदलूही शकते. हे नीट न उमजल्यामुळे बॅकअप चुकतात आणि फाइली ‘हरवतात’, म्हणून त्यावर एक आख्खा भाग खर्च करायला हरकत नाही.

अक्षरांची ही रीत घरोघरच्या संगणकांपर्यंत आली ती गॅरी किल्डॉल यांच्या १९७४च्या सीपी/एम या प्रणालीतून. १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा डॉसने ती तशीच उचलली. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी राखीव होती. संगणकाला एकच फ्लॉपी असली तरी डॉस ‘बी’ सोडून देत नसे. त्याच एका यंत्राला दोन्ही अक्षरे लावून फ्लॉपी बदलायला सांगे. १९८३च्या पीसी एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि तिच्या वाट्याला ‘सी’ आले. डिस्क एक आणि पार्टिशन एक असे होते तोवर सारे सरळ चालले. डिस्का आणि पार्टिशने वाढली तेव्हा डॉसला क्रम ठरवावा लागला. आधी प्रत्येक डिस्कवरचे एकेक प्रायमरी पार्टिशन, मग डिस्कवार एक्स्टेंडेड पार्टिशनमधले लॉजिकल ड्राइव्ह, मग उरलेली प्रायमरी पार्टिशने, आणि सर्वांत शेवटी सीडी, कारण तिचा ड्रायव्हर मागाहून चढे. संगणक सुरू होताना दर वेळी ही मोजणी पहिल्यापासून होई आणि मागच्या वेळचे काहीही लक्षात ठेवले जात नसे.

याचा परिणाम काय होई ते एका उदाहरणाने पाहू. एका डिस्कवर ‘सी’ हे प्रायमरी पार्टिशन, ‘डी’ आणि ‘ई’ हे लॉजिकल ड्राइव्ह, आणि ‘एफ’ म्हणजे सीडी अशी मांडणी आहे. तिथे दुसरी डिस्क जोडली आणि तिच्यावर एक प्रायमरी पार्टिशन केले, की ‘डी’ हे अक्षर त्या नव्या पार्टिशनला जाई. जुना ‘डी’ आता ‘ई’ होई, जुना ‘ई’ ‘एफ’ होई आणि सीडी ‘जी’वर जाई. एकही फाइल जागची हललेली नसताना सगळे पत्ते चुकीचे ठरत. फाइलीचा मार्ग अक्षरासकट लिहून ठेवणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्या दिवशी अडखळे. विंडोज ९८ तर सीडी आत असतानाही सीडी मागत बसे, कारण ती जुन्या अक्षरावर शोधत असे. संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी यावर तोडगा काढला होता. दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन करायचेच नाही, नुसते एक्स्टेंडेड करायचे. म्हणजे तिची अक्षरे जुन्यांच्या मागे लागतात. हा तोडगा चाले, यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. अक्षर डिस्कवर असते तर त्याला असे चुकवून बाजूने जावे लागले नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘आमचा डी गेली कित्येक वर्षे डीच आहे, हे सारे डॉसच्या काळातले.’ निरीक्षण खरे आहे. त्याचे कारण मात्र वेगळे आहे. विंडोज २०००पासून विंडोज अक्षरे दर वेळी नव्याने मोजत नाही, लक्षात ठेवते. ही आठवण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘माउंटेड डिव्हायसेस’ या कप्प्यात असते. जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कसाठी तिथली नोंद अवघी १२ बाइटची असते: ४ बाइटची डिस्कची सही आणि ८ बाइटमध्ये पार्टिशन डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा. ही खूण जुळली की विंडोज तेच अक्षर देते. तेव्हा स्थिर असते ती त्या एका विंडोजची आठवण. तीच डिस्क काढून शेजारच्या संगणकाला लावा, तिथली विंडोज आपल्या वहीत पाहील आणि मोकळे सापडेल ते अक्षर देईल. त्याच संगणकावर विंडोजचा दुरुस्तीचा पडदा उघडला तरी हेच होऊ शकते. तिथे चालणारी छोटी विंडोज स्वतः ‘एक्स’वर बसते आणि बाकीच्यांना अक्षरे स्वतःच्या हिशेबाने वाटते, त्यामुळे तुमचा नेहमीचा ‘सी’ तिथे ‘डी’ म्हणून दिसू शकतो. घाबरलेल्या अवस्थेत, अक्षरावर विसंबून, फॉरमॅटची आज्ञा चुकीच्या पार्टिशनवर चालवली जाते ती नेमकी इथे. म्हणून तिथे आधी पार्टिशनचे लेबल आणि आकार पाहावा, मगच हात घालावा.

विंडोजच्या आत ‘सी’ ही केवळ एक जोडणी असते. खऱ्या व्हॉल्यूमकडे, म्हणजे फाइली ठेवायला तयार केलेल्या पार्टिशनकडे, बोट दाखवणारी. आज्ञेच्या काळ्या खिडकीत ‘माउंटव्हॉल’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करून पाहा. प्रत्येक व्हॉल्यूमचे लांबलचक नाव दिसेल, ३२ अंक-अक्षरांचे, आणि खाली ते सध्या कोणत्या अक्षराला जोडलेले आहे ते. काही व्हॉल्यूमना अक्षरच नसेल. विंडोज ७ने नव्या डिस्कवर सुरुवातीलाच १०० मेगाबाइटचे राखीव पार्टिशन करायला सुरुवात केली. त्याला अक्षर नाही आणि त्याचे काम त्यावाचून अडत नाही. म्हणजे ‘सी’ हे डिस्कवरचे पहिले पार्टिशन असते, हा समजही आता टिकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो: ३२ अक्षरांचे नाव माणसाने लक्षात कसे ठेवायचे? ते ठेवू नये. माणसासाठी सोपे नाव आणि यंत्रासाठी पक्की ओळख अशी वाटणी करता येते, आणि तिचे उत्तम उदाहरण चंदीगडच्या सेक्टर ४३मध्ये आहे. तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या संकुलात खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने घडवली. पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात चालते तीच. तीत प्रत्येक प्रकरणाला १६ स्थानांचा सीएनआर क्रमांक मिळतो: राज्य आणि जिल्ह्याची चार अक्षरे, न्यायालयाच्या आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रम आणि चार अंकी वर्ष. प्रकरण एका न्यायाधीशांकडून त्याच संकुलातल्या दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग झाले, तर पक्षकाराला जायचे दालन बदलते. सीएनआर बदलत नाही. पक्षकार दालनाचा नंबर विचारतो ते योग्यच आहे, कारण त्याला आज तिथे पोहोचायचे आहे. पण पुढच्या वर्षी प्रकरण शोधण्यासाठी कोणी दालनाचा नंबर लिहून ठेवला, तर तो फसेल. ड्राइव्हचे अक्षर या दालनाच्या जागी आहे. त्याच संकुलातल्या वकिलाने अर्ज पेन ड्राइव्हवर घेतला तर तो ड्राइव्ह एका संगणकावर ‘ई’ दिसेल आणि टंकलेखकाच्या संगणकावर ‘जी’. त्याने ड्राइव्हला स्वतःचे लेबल दिले असेल तर दोन्हीकडे ते लेबल तेच राहील.

न्यायालयांच्या संगणकीकरणात उबुंटू लिनक्सचा वापर झाला, आणि लिनक्समध्ये अक्षरे नसतात. मग प्रश्न मुळातूनच मिटला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे ती सापडतील त्या क्रमाने देते, आणि तो क्रम उद्या तोच असेल याची हमी नाही. जुन्या आयडीई डिस्का पूर्वी ‘एचडीए’ म्हणून ओळखल्या जात. ड्रायव्हरची नवी व्यवस्था आली आणि त्याच डिस्का ‘एसडीए’ झाल्या. जुने नाव लिहून ठेवलेल्या याद्या तेव्हा निकामी ठरल्या. आता उबुंटू बसवताना ‘एफस्टॅब’ या यादीत पार्टिशनचा यूयूआयडी लिहिला जातो. ही ओळख फाइल सिस्टिमच्या आतच साठवलेली असते, म्हणून डिस्क कुठल्याही केबलला लावली तरी ती बरोबर सापडते. लिनक्सची वाट वेगळी, पण ती पोहोचली त्याच उत्तरापाशी.

या उत्तरालाही एक भोक आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. डिस्कची हुबेहूब नक्कल केली की सहीचीही नक्कल होते. मूळ आणि नक्कल एकाच संगणकाला जोडल्या की विंडोजला दोन डिस्का एकच सही दाखवतात, आणि ती दुसरीला ऑफलाइन ठेवते. ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून तिला ऑनलाइन केले की तिच्यावर नवी सही लिहिली जाते. डिस्क नुसती साठवणुकीची असेल तर त्याने बिघडत नाही. पण ती नक्कल पुढे मूळ डिस्कच्या जागी बसवून संगणक सुरू करायचा असेल, तर सुरुवातीच्या नोंदी जुनी सही शोधतात आणि संगणक अडतो. त्यामुळे नक्कल पुरी झाली की संगणक बंद करावा, मूळ डिस्क काढावी आणि पहिली सुरुवात एकट्या नकलेवरून करावी. पुढच्या भागात जीपीटी पाहू: चार नोंदींच्या जागी तिथे सहसा १२८ नोंदींची जागा असते आणि प्रत्येक पार्टिशनची ओळख तक्त्यातच लिहिलेली असते.