कोबोलमधून ऑब्जेक्ट-आधारित लायब्ररींचा वापर : माहिती-रूपांतराचा प्रश्न

बीजशब्द : कोबोल, जावा, लायब्ररी, माहिती-रूपांतर, युनिकोड

प्रस्तावना :
व्यापारी हिशेबासाठी निर्माण झालेल्या संगणक भाषांमध्ये कोबोलचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतील कोडासिल समितीने तिची आखणी केली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. दशांश हिशेबातील अचूकतेमुळे बँका, विमा व शासकीय लेखा यांत ती रुजली. भारतात रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणास गती मिळाली. जगातील अनेक मोठ्या संस्थांचे व्याज व हप्ते आजही कोबोलच्या आज्ञावलींतूनच आकारले जातात. ऑनलाइन भरणा, माहितीची सुरक्षितता, अहवालनिर्मिती यांची तयार साधने मात्र जावासारख्या भाषांच्या लायब्ररींत आहेत. वर्षानुवर्षे पारखलेली आज्ञावली मोडून नव्याने लिहिणे खर्चाचे व जोखमीचे असते. तिच्यातूनच नव्या लायब्ररीला आवाहन करणे हा दुसरा मार्ग होय. त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आवाहनाची प्रक्रिया :
पारंपरिक कोबोलमध्ये माहिती व तिच्यावरील क्रिया स्वतंत्र विभागांत लिहिल्या जातात. ऑब्जेक्ट-आधारित पद्धतीत या दोन्ही गोष्टी 'क्लास' नावाच्या एका साच्यात एकत्र येतात. २००२ च्या कोबोल मानकाने या पद्धतीचा अधिकृत स्वीकार केला. आयबीएमच्या एंटरप्राइझ कोबोलमध्ये प्रथम 'रिपॉझिटरी' परिच्छेदात जावा क्लासचे नाव नोंदवितात. त्यानंतर 'ऑब्जेक्ट रेफरन्स' प्रकारचे चल घोषित करून 'इन्व्होक' या विधानाने ऑब्जेक्ट निर्माण करतात व त्याची कार्ये चालवितात. लिहावयाच्या ओळी थोड्या असतात. खरी अडचण दोन भाषांमध्ये माहितीची देवाणघेवाण होताना उद्भवते.

रकमेचे रूपांतर :
कोबोलमध्ये नऊ पूर्णांक व दोन दशांश स्थळांची रक्कम पॅक्ड डेसिमल पद्धतीने सहा बाइटमध्ये साठविता येते व पैशापर्यंत अचूक राहते. जावाच्या मूलभूत प्रकारांत याचा समकक्ष प्रकार नाही. रक्कम फ्लोटिंग-पॉइंट स्वरूपात पाठविल्यास दहा पैसे, म्हणजे ०.१० रुपये, ही साधी संख्याही द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाही. एका नोंदीत नगण्य वाटणारा हा फरक हजारो खात्यांच्या बेरजेत ताळेबंद जुळू देत नाही. म्हणून रक्कम पैशांत रूपांतरित करून पूर्णांक म्हणून पाठवावी व जावामध्ये 'बिगडेसिमल' क्लासच्या साहाय्याने हिशेब करावा.

नावांचे रूपांतर :
कोबोलमधील नावाचा रकाना ठरावीक लांबीचा असतो व उरलेली जागा रिकाम्या स्थळांनी भरली जाते. ती स्थळे न काढता नाव जावाकडे पाठविल्यास 'मेहकर' आणि मागे रिकामी स्थळे असलेले 'मेहकर' ही दोन भिन्न नावे ठरतात. देवनागरीत प्रश्न अधिक बिकट होतो. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिल्यास मधल्या जागेसह १३ बाइट लागतात. तेच नाव देवनागरीत ११ चिन्हे व एक रिकामी जागा असे होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने एकूण ३४ बाइट होतात. तीस बाइटांच्या रकान्यात हे नाव 'ज' या अक्षराच्या दुसऱ्या बाइटवरच तुटते. अर्धे अक्षर वाचता येत नाही व खातेदाराचा पत्ता बिघडतो. यासाठी रकान्याची लांबी बाइटांत मोजून वाढवावी किंवा कोबोलचा 'नॅशनल' हा युनिकोड प्रकार वापरावा.

त्रुटी व स्मृती :
जावाच्या कार्यात त्रुटी उद्भवल्यास 'एक्सेप्शन' निर्माण होते. परंतु कोबोलची आज्ञावली त्यामुळे आपोआप थांबतेच असे नाही. प्रत्येक 'इन्व्होक'नंतर तपासणी न केल्यास चुकीच्या उत्तरावर पुढील हिशेब उभा राहतो. तसेच हजारो नोंदींवर फिरणाऱ्या आज्ञावलीत काम संपलेले संदर्भ मोकळे केले नाहीत, तर संगणकाची स्मृती अडून राहते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, जुन्या व नव्या भाषांचा मेळ घालताना प्रश्न आवाहनाच्या विधानापेक्षा माहितीच्या अर्थाचा अधिक आहे. त्यामुळे सर्व रूपांतरे एका लहान, स्वतंत्र दुवा-आज्ञावलीत ठेवून तिची चाचणी ऋण रक्कम, कमाल रक्कम व लांब देवनागरी नावे यांवर घ्यावी. अशा चाचणीसाठी लेखाशास्त्राचे ज्ञान प्रोग्रामिंगइतकेच आवश्यक असते. म्हणून महाविद्यालयांतील वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांनी हा विषय संयुक्त प्रकल्पाच्या रूपाने विद्यार्थ्यांना दिल्यास, आपल्याच गावांची नावे व आपल्याच पतसंस्थांच्या हिशेबाची रीत यांतून त्यांना तो अधिक चांगला समजेल.